आवाजाचे माप

(संगणकात साठवलेल्या गाण्याची किंवा चित्रफितीची माहिती उघडली, की तेथे ‘बिट रेट’ असे दोन शब्द आणि त्यांच्यापुढे एक आकडा दिसतो. हा आकडा काय सांगतो? तो समजून घेतला नाही तर काय होते? हे या पाठातून आपण पाहू.)

ताई आणि छोटू आपल्या आईबाबांबरोबर लंडन शहराच्या हॅरो भागात राहतात. त्यांची आजी सातारा जिल्ह्यातील वाई येथे, कृष्णा नदीच्या काठी राहते. इंग्लंडमध्ये शाळांना मोठी सुट्टी जुलै महिन्याच्या अखेरीस लागते. त्या वेळी वाईला पाऊस असतो. दोघेही भावंडे दरवर्षी त्या पावसातच आजीकडे जातात.

गेल्या सुट्टीत आजीची थोरली बहीण तेथे आली होती. मुले तिला मावशीआजी म्हणत. माजघरात एक जुने जाते होते. एके दिवशी पहाटे दोघी बहिणी जात्यावर बसल्या. घरघर घरघर जाते फिरू लागले. पिठाची पांढरी धार पडू लागली. दोघी ओव्या गाऊ लागल्या. मावशीआजीच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्या किणकिण वाजत होत्या.

मामांनी हळूच आपला छोटा रेकॉर्डर सुरू केला. बरोबर पाच मिनिटांचे गाणे त्यात उतरले. ताईने ते आपल्या संगणकात उतरवून घेतले आणि लंडनला नेले.

दिवाळीनंतर मावशीआजी वारली. घरातील सर्वांना फार वाईट वाटले. जानेवारी महिन्यात एका संध्याकाळी आई म्हणाली, “ताई, तो ओव्यांचा आवाज लाव गं. मावशीचा आवाज ऐकावासा वाटतो.”

ताईने संगणक उघडला. गाणे सुरू झाले. पण हे काय? दोघींचे आवाज खोल विहिरीतून आल्यासारखे येत होते. जात्याची घरघर म्हणजे नुसती खरखर झाली होती. आणि बांगड्यांची किणकिण तर अजिबात ऐकू येत नव्हती!

आई काही बोलली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

ताईने छोटूकडे पाहिले. छोटूची मान खाली गेली होती.

“ताई, मी काही पुसलं नाही गं,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला. “संगणकात जागा उरली नव्हती. मला एक खेळ घालायचा होता. म्हणून मी गाणं फक्त लहान केलं. गाणं पाच मिनिटांचंच आहे. एकही ओवी कमी झालेली नाही.”

“आणि मूळचं गाणं?”

“त्याच्या जागीच हे लहान गाणं ठेवलं.”

बाबा जवळ येऊन बसले. ते रागावले नाहीत. त्यांनी गाण्याच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबले आणि ‘प्रॉपर्टीज’ हा शब्द निवडला. मग ‘डिटेल्स’ हे पान उघडले. तेथे दोन गोष्टी लिहिल्या होत्या. लांबी : ५ मिनिटे. बिट रेट : १६ केबीपीएस.

“छोटू, तू गाण्याची लांबी पाहिलीस. ती बदलली नाही हे खरं. पण हा दुसरा आकडा तू पाहिला नाहीस,” बाबा म्हणाले.

“बाबा, बिट रेट म्हणजे काय?” छोटूने विचारले.

“आधी बिट म्हणजे काय ते पाहू. खोलीतला दिवा एक तर लागलेला असतो, नाही तर विझलेला असतो. तिसरा प्रकार नाही. संगणकाच्या आतही असंच असतं. ‘लागलेला’ म्हणजे एक आणि ‘विझलेला’ म्हणजे शून्य. असा एक अंक म्हणजे एक बिट. एका दिव्याने दोन खुणा करता येतात. दोन दिव्यांनी किती?”

ताईने बोटांवर मोजले. “दोन्ही विझलेले, पहिला लागलेला, दुसरा लागलेला, दोन्ही लागलेले. चार!”

“शाबास! तीन दिव्यांनी आठ आणि आठ दिव्यांनी दोनशे छप्पन्न खुणा होतात. आठ बिटांच्या गटाला बाइट म्हणतात.”

“पण बाबा, आवाज म्हणजे काही आकडा नाही. तो आकड्यांत कसा लिहायचा?”

“तुला ताप आला, की आई काय करते?”

“दर तासाला ताप मोजते आणि कागदावर लिहिते.”

“तो कागद पाहून डॉक्टरांना कळतं, की ताप केव्हा चढला आणि केव्हा उतरला. आवाजाचंही तसंच मोजमाप करतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती क्षणोक्षणी मोजायची आणि प्रत्येक माप आकड्यात लिहायचं. मात्र ताप तासाला एकदा मोजला तरी चालतो. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजावा लागतो.”

मुलांनो, ही कल्पना अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याची. त्यांचा जन्म १९०२ साली इंग्लंडमधील रेडहिल या गावी झाला. पॅरिसमध्ये काम करत असताना १९३७ साली त्यांना ही युक्ती सुचली. त्या काळी टेलिफोनवर दूरच्या गावाशी बोलताना तारेत खरखर मिसळे. तार जितकी लांब, तितकी खरखर जास्त. रीव्ह्ज यांनी विचार केला, की आवाजच पाठवण्याऐवजी आवाजाची मापे आकड्यांत पाठवली तर? वाटेत खरखर मिसळली तरी ‘एक’ आणि ‘शून्य’ वेगळे ओळखता येतील. पलीकडे त्या आकड्यांवरून आवाज पुन्हा स्वच्छ तयार करता येईल. १९३८ साली त्यांनी फ्रान्समध्ये या शोधाचे पेटंट घेतले. पण त्या काळची यंत्रे मोठी आणि महाग होती. त्यामुळे ही कल्पना सर्वत्र वापरात यायला बरीच वर्षे जावी लागली. १९६९ साली ब्रिटनच्या टपाल खात्याने या पद्धतीचे चित्र असलेले तिकीट काढले.

टेलिफोनच्या बोलण्यासाठी सेकंदाला ८,००० मापे घेतात. प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. मग एका सेकंदाला किती बिट झाले? ८,००० गुणिले ८, म्हणजे ६४,००० बिट. हजार बिटांना एक किलोबिट म्हणतात. म्हणून टेलिफोनचा बिट रेट झाला ६४ किलोबिट. एका सेकंदाच्या आवाजासाठी किंवा चित्रासाठी जितके बिट खर्च होतात, त्या आकड्याला बिट रेट म्हणतात. ‘केबीपीएस’ या अक्षरांचा अर्थ ‘दर सेकंदाला इतके किलोबिट’ असा आहे.

“म्हणजे रांगोळीसारखं!” ताई म्हणाली. “थोडे ठिपके असतील तर साधं फूल काढता येतं. पुष्कळ ठिपके असतील तर मोर काढता येतो.”

“छान उदाहरण दिलंस!” बाबा म्हणाले. “आता मामांच्या रेकॉर्डरचा हिशेब करू. गाण्याच्या सीडीसाठी जी मापं ठरली आहेत, तीच त्याने घेतली होती. सेकंदाला ४४,१०० मापं. प्रत्येक माप १६ बिटांचं. डाव्या कानासाठी एक आणि उजव्या कानासाठी एक, म्हणून त्याची दुप्पट.”

ताईने वहीत गुणाकार केला. उत्तर आले १४,११,२००.

“सेकंदाला चौदा लाख अकरा हजार दोनशे बिट!” छोटूचे डोळे विस्फारले.

“होय. म्हणजे सुमारे १,४११ किलोबिट. आणि तू ते केलंस सोळा किलोबिट.”

छोटूने भागाकार केला. १,४११ ला १६ ने भागल्यावर सुमारे ८८ आले. मूळच्या अठ्ठ्याऐंशी बिटांच्या जागी फक्त एक बिट उरला होता!

“पण बाबा,” ताईने शंका काढली, “माझ्या मैत्रिणीने मला एक गाणं दिलं आहे. त्याचा बिट रेट १२८ किलोबिटच आहे. तरी ते चांगलं वाजतं.”

“बरोबर आहे. आवाज लहान करण्याच्या पद्धती हुशार आहेत. बाहेर ढोल वाजत असला, तर शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येते का? नाही. मग ती कुजबुज साठवायची कशाला? जे कानाला ऐकूच येणार नाही, ते यंत्र आधी टाकून देतं. त्यामुळे १२८ किलोबिटांतही गाणं बरं वाजतं. त्याहून काटकसर केली, की अगदी हलका फरक कळू लागतो. पण बिट फारच थोडे दिले, तर यंत्र बिचारं काय करणार? ते ऐकू येणारे आवाजही टाकू लागतं. नाजूक आणि उंच आवाज सर्वांत आधी जातात. मावशीआजीच्या बांगड्या अशाच गेल्या.”

छोटू एकदम उठला. “बाबा, थांबा! मी त्याला पुन्हा जास्त बिट देतो.” त्याने गाणे ३२० किलोबिटांचे केले. फाइल वीस पट मोठी झाली. त्याने घाईघाईने गाणे लावले. पुन्हा तोच विहिरीतला आवाज! बांगड्या वाजल्याच नाहीत.

“अरे, रांगोळीचे ठिपके एकदा पुसले, की नंतर कितीही ठिपके मांडले तरी पहिला मोर परत दिसेल का?” बाबा म्हणाले. “माहितीच्या पानावर आता ३२० लिहिलं आहे. तो आकडा खोटा नाही. सेकंदाला ३२० किलोबिट खर्च होत आहेतच. पण ते सगळे त्या बिघडलेल्या आवाजावरच खर्च होत आहेत. डबा मोठा झाला. आतलं धान्य तेवढंच राहिलं.”

आता छोटूला रडू आवरेना. आई बाहेर आली. तिने त्याला जवळ घेतले. “रडू नकोस. उद्या मामांना विचारू. त्यांच्याकडे मूळचं गाणं असेलही.” लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. हिवाळ्यात वाईचे घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. तेथे रात्रीचे साडेबारा वाजले होते. मामा झोपले असतील, म्हणून सकाळपर्यंत थांबणे भाग होते.

जेवताना रेडिओवर वाद्यसंगीत लागले होते. ते ऐकून बाबांना एक गोष्ट आठवली.

“छोटू, बिट कमी केले की लोकांना किती वाईट वाटतं, हे इथल्या मोठ्या संस्थेलाही एकदा कळलं होतं. बीबीसीने १९९५ च्या सप्टेंबर महिन्यात अंकांच्या पद्धतीने रेडिओ पाठवायला सुरुवात केली. या पद्धतीत अनेक रेडिओ केंद्रं एकाच लहरींच्या पट्ट्यातून एकत्र पाठवतात. तो पट्टा म्हणजे लंडनची दुमजली बस समज. बसमध्ये जागा ठरलेल्या असतात. एका केंद्राला जास्त जागा दिल्या, तर दुसऱ्याला कमी पडतात. बातम्यांना, गप्पांना थोडे बिट पुरतात, कारण बोलण्यात बारकावे कमी असतात. संगीताला मात्र जास्त बिट लागतात. बीबीसीचं ‘रेडिओ ३’ हे केंद्र मुख्यतः शास्त्रीय संगीताचं आहे. त्याला १९२ किलोबिट मिळत. २००६ साली ते १६० करण्यात आले.”

“बत्तीसच कमी केले ना?”

“हो. पण व्हायोलिन, बासरी मन लावून ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तक्रारी केल्या. मग बीबीसीने पुन्हा १९२ किलोबिट देण्याचं ठरवलं.”

“म्हणजे ऐकणाऱ्यांना आकडा माहीत होता, म्हणून ते बोलू शकले,” ताई म्हणाली.

“आधी कानांना कळलं, मग आकड्यावरून कारण सापडलं,” बाबा म्हणाले.

“आणि चित्रफितीला बिट रेट असतो का?” छोटूने विचारले.

“असतो तर! चित्रफीत म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली चित्रं. ब्रिटनच्या आणि भारताच्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवण्याची रीत आहे. मोठ्या पडद्यावरच्या एका चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात असं धर. आता कर गुणाकार.”

हा गुणाकार करायला दोघांना मिळून बराच वेळ लागला. एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. त्यांचे बिट ४,९७,६६,४००. आणि एका सेकंदाचे बिट १,२४,४१,६०,०००. म्हणजे एकशे चोवीस कोटींहून जास्त!

“एवढे बिट कोण पाठवणार?” ताई म्हणाली.

“कोणीच पाठवत नाही. म्हणून येथेही युक्ती करतात. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागची भिंत हलते का? नाही. मग ती भिंत प्रत्येक चित्रात पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? काय बदललं, तेवढंच पाठवतात. म्हणून शांत दृश्याला कमी बिट पुरतात. क्रिकेटचा चेंडू धावू लागला, पाऊस पडू लागला, समुद्राच्या लाटा आल्या, की सगळंच बदलतं. त्या वेळी बिट कमी पडले, तर चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. म्हणून काही फाइलींत बिट रेट सारखा बदलत ठेवतात. सोप्या दृश्याला कमी आणि अवघड दृश्याला जास्त. अशा फाइलीच्या माहितीत जो आकडा दिसतो, तो सरासरीचा असतो.”

“म्हणजे जास्त आकडा असेल ते चित्र चांगलं, असंच ना?” छोटूने विचारले.

“नेहमीच नाही. लहान करण्याची पद्धत कोणती, यावरही ते अवलंबून असतं. नवी पद्धत थोड्या बिटांत जुन्या पद्धतीएवढं चांगलं चित्र देऊ शकते. २००९ साली बीबीसीने आपल्या एचडी वाहिनीचा बिट रेट १६ मेगाबिटांवरून ९.७ मेगाबिटांवर आणला. एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट. बीबीसीचं म्हणणं होतं, की नवी यंत्रं अधिक चांगली आहेत, त्यामुळे कमी बिट पुरतील. पण चित्र पूर्वीसारखं राहिलं नाही, अशी तक्रार बऱ्याच प्रेक्षकांनी केली. तेव्हा आकडा पाहायचा, पद्धत पाहायची आणि शेवटी आपले डोळे आणि कानही वापरायचे.”

रात्री छोटूला झोप येईना. तो ताईजवळ जाऊन म्हणाला, “ताई, मामांकडेही ते गाणं नसलं तर?”

ताईलाही तीच काळजी होती. पण ती म्हणाली, “सकाळी कळेल. झोप आता.”

सकाळी सात वाजता आईने वाईला फोन लावला. मामा म्हणाले, “रेकॉर्डर तर मी कधीच दुसऱ्याला देऊन टाकला. पण त्यातलं कार्ड काढून ठेवलं होतं. कुठे ठेवलं, ते शोधावं लागेल.”

मामांनी कपाट शोधले. टेबलाचे खण शोधले. कार्ड सापडेना. आजी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “अरे, बोटाच्या नखाएवढं काळं काहीतरी होतं, तेच का? ते मी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी ठेवलं आहे. ताईचा आवाज आहे त्यात. तो मी इकडेतिकडे कसा पडू देईन?”

मामांनी कार्ड संगणकात घातले. गाणे जसेच्या तसे होते. लांबी ५ मिनिटे आणि बिट रेट १,४११ किलोबिट.

“मामा, तुम्ही ते लहान करू नका हं! तसंच्या तसं पाठवा!” छोटू फोनवर ओरडला.

मामा हसले. “तसंच पाठवतो. पण किती वेळ लागेल, सांग पाहू. आमच्या घरून सेकंदाला ४ मेगाबिट जातात.”

छोटू वही घेऊन बसला. पाच मिनिटांचे ३०० सेकंद. १४,११,२०० गुणिले ३००, म्हणजे ४२,३३,६०,००० बिट. म्हणजे सुमारे ४२३ मेगाबिट. त्याला ४ ने भागले, की सुमारे १०६ सेकंद.

“मामा, पावणेदोन मिनिटं!”

“आणि संगणकात जागा किती लागेल?” बाबांनी विचारले.

“फाइलीची जागा बाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. ४२३ भागिले ८. सुमारे ५३ मेगाबाइट!” ताईने उत्तर दिले. “आणि छोटूचं गाणं १६ गुणिले ३०० भागिले ८, म्हणजे ६०० किलोबाइट. एक मेगाबाइटसुद्धा नाही.”

बाबा म्हणाले, “बिट आणि बाइट यांत गोंधळ करू नका. इंग्रजीत लिहिताना बिटासाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी वापरतात. शिवाय काही संगणक हजाराऐवजी १,०२४ ने मोजतात, म्हणून पडद्यावरचा आकडा आपल्या हिशेबापेक्षा थोडा कमी दिसेल.”

गाणे आले. ताईने ते लावले. सगळे गप्प बसले. जाते घरघरू लागले. आजीचा जाडसर आवाज आला, त्यात मावशीआजीचा गोड आवाज मिसळला. आणि मग, अगदी हळू, किणकिण, किणकिण... आईने डोळ्यांना पदर लावला. पण या वेळी ती उठून गेली नाही.

नंतरच्या रविवारी बाबा मुलांना लंडनमधील ब्रिटिश ग्रंथालय पाहायला घेऊन गेले. वाटेत त्यांनी सांगितले, “या ग्रंथालयात पुस्तकांबरोबर आवाजही जपून ठेवले आहेत. सुमारे शंभर वर्षांपूर्वी जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांची मोठी पाहणी केली. त्या वेळी अनेक भाषा आणि बोली बोलणाऱ्यांचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरवून घेतले होते. ती माणसं आज नाहीत. त्यांचे आवाज मात्र आहेत. असे आवाज जपणारे लोक मूळ प्रत कधीही लहान करत नाहीत. ती शक्य तितक्या जास्त बिटांत ठेवतात. कोणाला ऐकायला पाठवायची असेल, तर तिची वेगळी लहान प्रत करतात. आपल्या पुण्यातही हेमा राईरकर आणि गी पोइतव्हँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांची संख्या एक लाखाहून जास्त आहे.”

“मग आपलं गाणंही तसंच ठेवायचं,” छोटू म्हणाला.

घरी आल्यावर त्याने तीन प्रती केल्या. मूळच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. तिसरी प्रत १२८ किलोबिटांची केली आणि ती नातेवाइकांना पाठवली. तिचे वजन पाच मेगाबाइटसुद्धा नव्हते. मूळच्या प्रतींवर त्याने स्वतःच्या हाताने नाव दिले : ‘मावशीआजी – मूळ प्रत – लहान करू नये’.

आणि तो नवा खेळ? तो घालण्याआधी छोटूने आपल्या जुन्या तीन खेळांना रजा दिली.

शब्दार्थ

माजघर – घराच्या मधली खोली.
बारकावा – बारीक, चटकन न दिसणारी किंवा न ऐकू येणारी गोष्ट.
काटकसर – जपून, थोडक्यात खर्च करणे.
सरासरी – सर्व मिळून काढलेले मधले प्रमाण.
मूळ प्रत – पहिली, न बदललेली प्रत.
रजा देणे – निरोप देणे, काढून टाकणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिट रेट म्हणजे काय?
(आ) एका बाइटमध्ये किती बिट असतात?
(इ) आवाज आकड्यांत पाठवण्याची कल्पना कोणाला सुचली?
(ई) मामांच्या रेकॉर्डरमधील कार्ड आजीने कोठे ठेवले होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) छोटूने लहान केलेल्या गाण्यात बांगड्यांचा आवाज का ऐकू येत नव्हता?
(आ) गाणे ३२० किलोबिटांचे करूनही आवाज का सुधारला नाही?
(इ) संगीताला बोलण्यापेक्षा जास्त बिट का लागतात?
(ई) पावसाच्या दृश्याला भिंतीच्या दृश्यापेक्षा जास्त बिट का लागतात?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) “मावशीचा आवाज ऐकावासा वाटतो.”
(आ) “डबा मोठा झाला. आतलं धान्य तेवढंच राहिलं.”
(इ) “तो मी इकडेतिकडे कसा पडू देईन?”

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) टेलिफोनच्या बोलण्यासाठी सेकंदाला ........ मापे घेतात.
(आ) २००६ साली ‘रेडिओ ३’ चा बिट रेट १९२ वरून ........ किलोबिट करण्यात आला.
(इ) एक मेगाबिट म्हणजे ........ बिट.

प्र. ५. हिशेब करा.
(अ) एक गाणे ४ मिनिटांचे आहे. त्याचा बिट रेट १२८ किलोबिट आहे. त्याला किती किलोबाइट जागा लागेल?
(आ) एका चित्रफितीचा बिट रेट ८ मेगाबिट आहे. ती १ मिनिटाची आहे. तिला किती मेगाबाइट जागा लागेल?

प्र. ६. जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण. याप्रमाणे पुढील शब्दांपूर्वी योग्य शब्द लिहा.
........ खळखळ, ........ सळसळ, ........ टपटप, ........ गडगडाट.

प्र. ७. छोटूच्या जागी तुम्ही असता, तर आईला काय म्हणाला असता? चार-पाच ओळी लिहा.

उपक्रम

घरातील वडीलधाऱ्या माणसांपैकी कोणाची तरी ओवी, गोष्ट किंवा आठवण मोठ्यांच्या मदतीने आवाजात उतरवून घ्या. तिची लांबी आणि बिट रेट वहीत लिहा. मूळ प्रत जपून ठेवा. नंतर तिच्या दोन लहान प्रती वेगवेगळ्या बिट रेटच्या करा. तिन्ही डोळे मिटून ऐका. कोणते आवाज राहिले आणि कोणते गेले, ते वर्गात सांगा.